लिव्हिओला पोचवायला पाचच माणसे का आली

आदरणीय निवेसताईंस,

इस्त्रियाच्या किनाऱ्यावरून एदो मास्तराचा सविनय नमस्कार. मेलबर्नच्या थंडीत आपले गुडघे फार छळत नसावेत. येथे सर्व क्षेम आहे. म्हणजे जे उरले आहेत, त्यांचे आहे.

चाळीस वर्षे गावाला सार्डिन मासळी वाटत फिरणाऱ्या आपल्या भावाला पोचवायला पाचच माणसे का आली, असे आपण विचारले आहे. पटेल असे उत्तर मिळाल्याशिवाय या गावात पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असेही बजावले आहे. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र विज्ञानात आहे, तेव्हा कृपया बसून वाचावे.

कोण गेले, हे गावाला दुपारी बाराच्या रेडिओवरूनच समजते (फलकावरचा कागद कोणी वाचत नाही, चष्मा नेहमी घरी असतो). आता, जुलैत वारा पडला की समुद्रालगतच्या गार हवेवर ऊन हवेचा थर झाकणासारखा बसतो, आणि त्याखालून समुद्रापलीकडचे इटालियन केंद्र थेट आमच्या स्वयंपाकघरात उतरते. रेडिओच्या पट्टीवर त्याची आणि आमच्या केंद्राची जागा जवळजवळ एकच. त्यात एफ.एम.चा स्वभाव असा, की दोन आवाज आले तर तो सरमिसळ करत नाही. जो जोरकस, त्याला पुरता ऐकवतो आणि दुबळ्याला साफ गिळतो. (किती सुंदर नियम आहे! क्षमा असावी.)

म्हणून त्या दुपारी गावाने ‘आमचे प्रिय लिव्हिओ यांचा अंत्यविधी’ एवढे ऐकले, आणि पुढे गाद्यांची जाहिरात. वेळ शेजाऱ्याला कळली असेल, असे प्रत्येकाला वाटले. फुमेमावशी म्हणाल्या, “निम्म्या किमतीत गाद्या, एवढंच कळलं बघा, मास्तर. म्हटलं, मेला शेवटी तरी मऊ झोपणार!” आणि मग पदर नसल्यामुळे बाहीने डोळे पुसत बसल्या. बेकरीवाला ऊचो दुसऱ्या दिवशी पुष्पचक्र घेऊन निघाला. “काल झालं? मग मला कुणी सांगितलं का नाही, मास्तर?” असे म्हणून तो ते चक्र मांडीवर घेऊन बसथांब्यावर बसून राहिला. तीन बस गेल्या.

तेव्हा ताई, गावाने पाठ फिरवलेली नाही. राग धरायचाच, तर हवेवर धरावा.

आपला नम्र,
एदो मास्तर

ता. क. – ते पाच कसे आले, असे आपण विचारालच. ते टेकडीमागे राहतात. तेथे इटालियन केंद्र पोचत नाही.

ता. क. २ – मीही टेकडीमागेच राहतो. दिवस, वेळ, चर्च, सारे स्वच्छ ऐकले. काळा कोट चढवला, बूट पुसले, आणि पलंगावर बसून राहिलो. अकरा वर्षांपूर्वी लिव्हिओ खानावळीत म्हणाला होता, “रेडिओत इटालियन घुसले की समजा, उद्या समुद्र शांत.” मी सर्वांदेखत त्याला अडाणी म्हटले. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. दोन वर्षांनी पुस्तकात वाचले, तेव्हा कळले की त्याचे बरोबर होते. सांगायला जायचे रोज ठरवत होतो.

ता. क. ३ – नोव्हेंबरच्या एक तारखेला सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावतील. लिव्हिओचे येथे कोणी नाही. त्याच्यासाठी एक दिवा मी लावू का? आपली परवानगी आल्याशिवाय मी दफनभूमीच्या फाटकाच्या आत जाणार नाही.