अठराव्या मजल्यावर लिफ्ट बदला

४ मार्च
संकल्प: रोज सकाळी साडेआठला टॉवरमध्ये हजर. अठराव्या मजल्यावर एक टेबल भाड्याने घेतलंय. टॉवर मीच डिझाइन केला, तेव्हा लोक तो कसा वापरतात याचा अभ्यास व्हायलाच हवा. बायको एकतिसाव्यावर नोकरी करते आणि दोन महिने भावाकडे राहते आहे, हा निव्वळ योगायोग.

५ मार्च
वर जाणाऱ्या प्रत्येकाला अठराव्यावर लिफ्ट बदलावी लागते. आयडिया माझीच. माणसं थांबतील, दोन शब्द बोलतील, म्हणून सोफे आणि झाडं. ही माझा फोन उचलत नाही, पण इथे तिला उतरावंच लागणार. बोललो की रुसवा जाईल.
आज दिसली नाही. रजा असेल.

८ मार्च
माणसं थांबतात, पण मोबाइलमध्ये तोंड खुपसून. एकाला गुड मॉर्निंग म्हटलं. त्याने विचारलं, लिफ्ट बंद पडलीय का. झाडं प्लॅस्टिकची निघाली. वॉचमन म्हणाला, खरी होती ती केव्हाच मेली.
ही दिसली नाही. मी पाठ करून बसत होतो, तिथेच चुकलं.

१४ मार्च
जागा बदलली. निळा शर्ट घातला, तिच्या आवडीचा. चहाला उठत नाही, न जाणो तेवढ्यात यायची.
मेहुण्याचा फोन. म्हणाला, भाऊजी, ताई रोज कामावर जाते, आणि तुम्ही तिथे ठाण मांडलंय हे तिला ठाऊक आहे. म्हणजे निरोप पोचला. अर्धं काम झालं.

२० मार्च
नाही आली. वाईट वाटायला हवं, पण काहीच वाटत नाही. बसून बसून पाय बधिर होतो, तसं सगळंच झालंय.

२५ मार्च
वॉचमनने स्वतःहून विषय काढला. साहेब, मॅडम मागच्या दाराने जातात. मालाच्या लिफ्टने, कचऱ्याच्या ट्रॉल्यांबरोबर. ती लिफ्ट थेट वर जाते.
त्या लिफ्टमध्ये धड उजेड नाही, पंखा नाही. मीच नको म्हटलं होतं. मालाला कशाला वारा?

२६ मार्च, सकाळ
मागच्या दाराशी उभा राहिलो. ही आली, सफाईच्या बायकांशी हसत बोलत. मला बघून हसणं थांबलं. विचारलं, इतकी चांगली लिफ्ट सोडून इथून का? म्हणाली, इथे सगळ्या बोलतात. मग हळूच म्हणाली, मी आता परत यायची नाही, तुम्ही उगाच बसू नका. एका बाईने ट्रॉली सरकवून तिला जागा दिली. दार लागलं.
पुढच्या बाजूने वर आलो. अभ्यास अर्धवट टाकणं बरं नव्हे. सोफ्यावर बसलो आणि मला रडू आलं. एकाने विचारलं, एकतिसाव्यासाठी लिफ्ट इथेच बदलायची ना? मी हो म्हटलं. तो गेला.