वहीतली दुसरी ओळ

प्राण्यांच्या निवाऱ्याचे व्यवस्थापक यांस सविनय नमस्कार.

पंधरा दिवस सांभाळायला म्हणून तुमच्याकडून आलं ते असं : एक म्हातारा कुत्रा, एक फाटकं अंथरूण, मलमाची डबी आणि रोजच्या नोंदींची वही. खर्च फक्त दुधाचा झाला, तो मी मागत नाही.

वहीत मी देवाला स्मरून खरं तेच लिहिलं. अकराव्या दिवशी लिहिलं, ‘मलम लावताना हाताला दात लागला.’ खालच्याच ओळीत लिहिलं, ‘दुखरा कान मी जोरात दाबला, चूक माझी.’ मुदत संपल्यावर तुम्ही त्याला परत नेलंत, पहिली ओळ तेवढी वाचलीत आणि पिंजऱ्यावर ‘चावरा’ अशी पाटी लावलीत. आता त्याला कोण घरी नेणार?

काल विचारायला आले, तर तुमच्या कारकूनबाई म्हणतात, “आजी, एवढं खरं कशाला लिहायचं? बाकीचे सगळे ‘ठीक’ लिहून मोकळे होतात.”

म्हणजे थापा मारणाऱ्यांची कुत्री घरोघर आणि माझा गजाआड. ‘माझा’ लिहून गेले. असू दे, खोडत नाही.

गाडी त्याला न्यायला आली तेव्हा मी “सुटले बाई एकदाची” म्हणाले होते. पंधरा दिवसांत खोटं बोलले ते तेवढंच.

रागात लिहिलेली दोन पत्रं देवापुढेच पडून आहेत, हे तिसरंही बहुधा तिथेच जाईल. पण तुमच्या हाती पडलंच, तर ती पाटी काढा. नाहीतर पाटीसकट त्याला इकडे धाडा, आणि कोणत्या दिवशी ते उलटटपाली कळवा.

जिच्या हाताला दात लागला, ती