शेवटच्या ओळीतले नाव

मी, गिरिधर नत्थूजी सोनकुसरे, वय त्रेपन्न, धंदा हातमागावर विणकाम, राहणार तांडापेठ, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. बिघडली आहे ती छाती. डॉक्टर उन्हाळ्यापलीकडचे काही बोलत नाहीत. कोणी दडपण आणलेले नाही, नशाही नाही. नशा सोडा, चहासुद्धा मी तरुणपणीच सोडला. वकील लावला नाही. चौथीपर्यंत शिकलो, पुढचे स्वतः वाचून मिळवले. कायदाही लागेल तेवढा वाचला आहे.

१. राहते घर आणि पोस्टातील बचत पत्नी सौ. वच्छला हिची. ती आहे तोवर पुतण्या ईश्वरदास याने हिस्सा मागू नये. मागील दाराची कडी सैल आहे, ती त्याने बसवून द्यावी. खिळे जुनेच वापरू नयेत.

२. माग ईश्वरदासचा. तो पॉवरलूमवर जातो आणि मागाला "लाकडं" म्हणतो, हे मला ठाऊक आहे. विकायचा तर विणकरालाच विकावा. मागावरचे लुगडे अर्धे आहे. पुरे करणाऱ्याने काठ सांभाळावा. हात बदलला की काठात दिसते.

३. माझ्या तिरडीपुढे भजन म्हणू नये. देव आहे असे मी आज शपथेवर लिहू शकत नाही. नाही असेही लिहीत नाही, कारण त्यालाही पुरावा लागतो. ज्याची खात्री नाही ते माझ्या प्रेतापुढे कोणी गाऊ नये.

४. आता भजनांविषयी. हे कलम लांबेल.

आमच्याकडे भजनाच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचे नाव येते. ती त्याची सही आणि त्याची साक्ष. माझ्या भजनांत "गिरिधर म्हणे" येते. मी रोज पहाटे थंड पाण्याने आंघोळ करून निदान एक कडवे लिहायचो, मगच मागावर बसायचो. कांदा-लसूण वर्ज्य. शिस्त पाळली की श्रद्धा येते आणि श्रद्धा आली की शब्द येतात, अशी माझी समजूत होती, आणि त्याचा मला गर्व होता.

आमची एकुलती मुलगी जया विषमज्वराने गेली. दुसऱ्या पहाटे मी उठलो, आंघोळ केली, लिहायला बसलो. सुतकात देवाचे नाव घेऊ नये, हेसुद्धा आठवले नाही. वच्छला दारात येऊन उभी राहिली.

"अवो, पोरगी काल गेली अन् तुमी लिवून राहिले? काहून?"

भजन पुरे झाले होते. "गिरिधर म्हणे, तुझ्या दारी कडी नाही" ही त्याची शेवटची ओळ. मात्रा एकही चुकली नव्हती. त्याच क्षणी मला कळले की हे श्रद्धेतून कधीच आले नव्हते. हाताला वळण होते, ते लिहीत होते. आत कोणी नव्हते. त्यानंतर मी भजनी मंडळात गेलो नाही. लिहिणे मात्र सुटले नाही. ते आजही रोज होते आणि रोज पोकळ होते.

मंडळवाले माझी वही उतरवून नेत, त्यात हेही गेले. तेच भजन लोकांना सर्वांत आवडावे, ही थट्टा कोणाची ते मी विचारत नाही. मंडळाचे प्रमुख भैयाजी धकाते यांनी ते काटोलला "भैयाजी म्हणे" असे गायले. मी घरी जाऊन जाब विचारला.

"अगा गिरिधर, तू देवाले मानत नाही, मंडळात येत नाही. मंग तुह्या नावानं लोकाइले कसा रडवू? मी रोज पूजा करतो. माह्यं नाव चालते."

"चालत नाही. दोन मात्रा जास्त होतात."

"मोजत बस तू मात्रा! लोकं तं रडले ना?"

त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद आहे. भैयाजी दोन मात्रा अजूनही रेटतात. पण साक्षीविषयी ते खरे बोलले. म्हणून माझी सर्व भजने मंडळाला देतो. त्यांत कोणाचेही नाव घालावे. माझे नसले तरी तक्रार नाही.

फक्त हे एक भजन वगळून.

हल्ली मी बाजेवर पडून असतो. बाहेर वच्छला चरख्यावर सुताच्या कांड्या भरताना गुणगुणते. मला झोप लागली असे समजून परवा तिने हेच भजन धरले. नवऱ्याचे नाव ती घेत नाही, म्हणून शेवटची ओळ ती गाळेल असे वाटले. तिने गाळली नाही. "जया म्हणे, तुझ्या दारी कडी नाही," असे ती म्हणाली, आणि चरखा चालूच ठेवला. भजन झाल्यापासून ती असेच म्हणत असावी असे वाटण्याइतके सहज.

यावरून माझी श्रद्धा परत आली असे कोणी समजू नये. आलेली नाही. परंतु त्या ओळीत नाव राहील ते जयाचेच. भैयाजींनीही तसेच गावे; हीच बाकी भजनांची अट. वच्छलेला अक्षरओळख नाही, तेव्हा हे कलम शेजारच्या रुपरावांनी तिला सावकाश वाचून दाखवावे.

"जया" घातल्यावर एक मात्रा कमी पडते. मी मोजली आहे. ती कोणी भरून काढू नये.

नागपूर, ९ फेब्रुवारी १९७५
सही: गिरिधर नत्थूजी सोनकुसरे

साक्षीदार (दोघांनाही यातून काही मिळत नाही):
१. रुपराव लक्ष्मणजी हेडाऊ, शेजारी
२. आनंदराव गोविंदा नंदनवार, सूत व्यापारी, गांधीबाग