मलमल काढलेला आरसा

गुरुजी, तुम्हांला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, याबद्दल आधी क्षमा मागते. वर्गात पहिला क्रमांक असूनही मी तुमच्यासमोर मान वर केली नाही. आणि आता तुम्ही उत्तर देऊ शकत नाही तेव्हा बोलायला निघाले आहे, हे उचित नव्हे.

अमरावतीच्या शाळेत तुम्ही चित्रकला शिकवत होता आणि चावी देऊन चालणारा सिनेमाचा एक जुना कॅमेरा बाळगून होता. मामाविषयी मीच तुम्हांला सांगितले. अकोल्याजवळच्या खेड्यात राहणारा माझा मामा स्वतः गाणी रचायचा आणि कुठल्याही जलशात न शिरता एकटाच डफड्यावर म्हणायचा. त्याच्या एका गाण्याचे चित्र करायचे तुमच्या मनाने घेतले. मुदत संपलेली फिल्म कुठूनशी मिळवलीत. तिच्यात आवाज नव्हता. चित्र पडद्यावर चालेल आणि मामा शेजारी उभा राहून प्रत्यक्ष गाईल, अशी ती योजना. उजेड वळवायला नेलेला आरसा तुमच्याच घरच्या कपाटाचा होता. त्याचे दारच बिजागऱ्यांसकट काढून आणले होते तुम्ही. बडनेऱ्याला गाडी बदलताना म्हणालात, "घरी कळलं तर आज मला जेवण नाही."

छपन्न साली धम्मदीक्षा घेतल्यावर आमच्या वस्तीने गावासाठी डफडे वाजवणे सोडले होते. मिरवणुकीपुढे नाही, मढ्यापुढे नाही. मामाने मात्र आपले डफडे आढ्याला टांगून ठेवले होते. त्या सकाळी तो ते खाली काढतो आहे आणि मामी दारात आडवी उभी आहे.

"सोडलं ना आपण ते? पुना गळ्यात घालून कुठं चालले?"

"गावासाठी सोडलं वं. माह्यासाठी कुठं सोडलं?"

शेताच्या कडेला एक अंधारा गोठा होता. तिथे मामा गवताच्या जाळावर चामडे शेकत बसला. तापले की ते ताणले जाते, मग बोलते. तुम्हांला चित्रात फक्त हात, चामडे आणि धूर हवा होता. "तोंड नको," तुम्ही म्हणालात. मामा हिरमुसला. "मंग गुरुजी, मी नवी टोपी काहून आणली?" मी दाराशी आरसा धरून उभी होते. उघडे ऊन फिल्म जाळते म्हणून तुम्ही त्यावर पांढरी मलमल बांधली होती आणि बजावले होते, काहीही झाले तरी ती काढायची नाही. मलमलीतून गाळलेला तो दुधासारखा उजेड मामाच्या बोटांवर पडला होता. इतके सुंदर हात मी त्यापूर्वी पाहिले नव्हते, आणि पुढे कधी दिसणारही नव्हते.

डफड्याचा आवाज गावात गेला. चौघे आले आणि मला धक्का मारून आत शिरले.

"काबे, देवीपुढं वाजवाले हात दुखते, अन् फोटोपुढं नाई दुखत?"

"देवीपुढं तुमी वाजवा ना भाऊ," मामा बसल्या जागेवरून म्हणाला. "तुमाले काय हात नाईत?"

जाळ लाथेने उधळला गेला. विळ्याने डफडे उभे फाडले. दोघांनी मामाचे हात दगडावर दाबून धरले आणि तिसऱ्याने कुऱ्हाडीचा दांडा घातला. हाड मोडते तेव्हा आवाज मोठा होत नाही, गुरुजी. कपाशीची वाळकी पऱ्हाटी पायाखाली यावी तेवढाच होतो. मामा ओरडला नाही. त्याने स्वतःचा दंड चावला आणि तोंडातून रक्त आले. तुम्ही कॅमेरा सोडला नाहीत. तो वर उचलून दांडा धरलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे वळवलात आणि मला म्हणालात, "तोंडावर घे उजेड! हलू नकोस!" मी घेतला. चेहरा स्वच्छ दिसत होता. आणि त्याने दांडा पुन्हा उचलला. या वेळी डोक्यावर.

मी मलमल ओरबाडून काढली आणि वैशाखातले अख्खे ऊन त्याच्या डोळ्यांत घातले.

तो आंधळ्यासारखा फिरला. दांडा मामाच्या कानाजवळून गेला आणि दगडावर आपटून फुटला. त्याच्या सोबत्यांनी त्याला ओढत बाहेर नेले. तुम्ही ओरडलात, पण माझ्यावर. "मलमल का काढलीस?"

ती फिल्म धुऊन आल्यावर फौजदाराला दाखवली. पडद्यावर हात होते, दांडा होता, आणि चेहरा यायचा तिथे नुसता पांढरा लोळ. त्याच्या अलीकडच्या दोन-चार चित्रांत धूर आडवा आलेला. "यात तर कोणीच दिसत नाही," असे म्हणून त्याने टोपी चढवली. आमची तोंडी साक्ष त्याने धरलीच नाही. चौघे मोकळे सुटले. त्या संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "तू माणूस वाचवलास, आणि गुन्हेगारही." मग वर्गात कधी माझ्याकडे पाहिले नाहीत. वर्षभरात तुम्ही गेलात. कपाटाचे ते दार तुमच्या घरून माझ्याकडे आले. तुम्ही तसे सांगून ठेवले होते म्हणे. ते बक्षीस होते की शिक्षा, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

मामाची बोटे वेडीवाकडी सांधली. काठी मनगटाला बांधून तो आता नवे डफडे वाजवतो. परवा वस्तीत पहिल्यांदाच ती फिल्म लावली. मामी पुढेच बसली होती. मामा पडद्याशेजारी उभा राहून गात होता. दांडा पडला तिथेही त्याने ठेका सोडला नाही. पांढरा लोळ आला तेव्हा मात्र त्याने हात थांबवला. अंधारात कोणी तरी म्हणाले, "वाजव ना रे, काहून थांबला?"

"तिथं नाई वाजवत," मामा म्हणाला. "तिथं माही भाची हाये."

गुरुजी, मी तुमची क्षमा मागायलाच बसले होते. लिहिण्याबद्दल मागितली, तेवढी पुरे. मलमलीबद्दल मागत नाही. तो चेहरा मला आजही चांगला आठवतो, आणि तरीही ती मलमल मी पुन्हा ओरबाडून काढीन.

हे टपालात पडणार नाही. वैशाख पौर्णिमा, १९६९, सकाळी नऊ वाजता ते तुमच्या आरशाच्या पाठीमागे सरकवते आहे.