हळदी-कुंकवापासून हातभर लांब

मागच्या दसऱ्याला सकाळी मी सडा टाकला, दाराला झेंडू बांधला आणि पुरणाची डाळ गॅसवर चढवली. तेवढ्यात धाकटे दीर अप्पाराव यांनी माझ्या यजमानांची पत्रांची पेटी देवघरात नेली. पत्रं पाटावर मांडली, पाणी शिंपडलं, हळद-कुंकू वाहिलं.

"भावजी, हे काय केलं?"

"वहिनी, एवढ्या शास्त्रज्ञांची अक्षरं. सरस्वतीच की!"

"एखादं वाचलं का कधी?"

"पूजेला वाचावं लागत न्हाई."

बारा पत्रांची शाई वाहून गेली.

मी, दुर्गाबाई पुंजाराम खटके, वय एकाहत्तर, राहणार घनसावंगी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर करते. डॉक्टरचा दाखला जोडला आहे, कारण बाईनं जमिनीऐवजी कागद जपले की लोकांना शंका येते.

यजमान शाळेत विज्ञान शिकवायचे. शास्त्रज्ञांना शंका लिहून पाठवायचे. काही जण स्वतःच्या हातानं उत्तर द्यायचे. कापसावरचे मोठे अभ्यासक डॉ. नाडगौडा यांनी एकदा लिहिलं, "बोंडअळीचं हे निरीक्षण तुमच्या पत्नीचं दिसतं. त्यांना वही ठेवायला सांगा." मला तेव्हा लिहिता येत नव्हतं. त्या वहीपायी मी अक्षरं शिकले. ते पत्रही बारांत गेलं. यजमान गेले तेव्हा मी रडले, तशीच त्या दिवशी रडले.

घर अप्पारावांना, देवघरासह. त्यांना हात जोडायला काही ना काही लागतं.

उरलेली एकतीस पत्रं त्यांच्या मुलीला, आकांक्षाला. ती जालन्यात विज्ञान शिकते. अट एकच: हळदी-कुंकू, हार, अगरबत्ती हातभर लांब. उभ्या उभ्या फोटो काढणाऱ्याला चहा द्यावा, बसून वाचणाऱ्याला जेवण. माझ्या नावानं स्मारक करू नये. अध्यक्ष कोण, यावर भांडणं होतील.

पेटीही भावजींचीच. ते तिला रोज फूल वाहतात, वाहोत. ती रिकामी आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला कुलूप लावलं, पत्रं सुती कापडात बांधली आणि जीपनं जालन्याला जाऊन आकांक्षाच्या हातात दिली.

सही: दुर्गाबाई पुंजाराम खटके
आमच्या समक्ष सही केली: मच्छिंद्र सोनवणे, उषाबाई काळे
घनसावंगी, ३ फेब्रुवारी २०२५