आभारातलं नाव

मंगळवार, संध्याकाळ. जुईनगर.

डोकं अजून तापलेलंच आहे. दिवाळे गावच्या खाडीतल्या माशांवरचा माझा शोधनिबंध एका संशोधन नियतकालिकात एकदाचा छापून आला, म्हणून कॉलेज सुटल्यावर मुद्दाम मासळी बाजारात जयाताईंकडे गेले. त्यांच्याच होडीतून मी वर्षभर नमुने गोळा केले होते. निबंधाच्या शेवटी आभारात त्यांचं नाव आहे, हे मी फोनवर सांगून बसले होते आणि त्यांनी ते अख्ख्या बाजारात सांगितलं होतं. बायका टोपल्या सोडून जमल्या.

"मॅडम, दाव ना माजं नाव!"

मोबाईलवर लिंक उघडली. सुरुवातीच्या दोन ओळी, आणि खाली, पुढे वाचायचं तर पैसे भरा. अहो, माझाच निबंध! लिहिला मी फुकट, तपासला कुणा प्राध्यापकांनी फुकट, आणि कुलूप या नियतकालिकवाल्यांचं? मला साधी प्रतसुद्धा नाही. सगळ्यांसाठी खुला ठेवायचा तर म्हणे लेखकानेच पैसे मोजायचे. आमचं कॉलेज प्रिंटरची शाई देताना कुरकुरतं, ते हे देणार?

जयाताई चिडल्यासुद्धा नाहीत. "खाडी आमची, आन वाचाला आमालाच बंदी हाय?" एवढंच म्हणाल्या.

उद्या माझ्याकडचा मसुदा प्रिंट करून नेते. पण त्यात आभारच नाहीत! ते अगदी शेवटी, नियतकालिकाच्या साइटवरच भरले होते. म्हणजे जयाताईंचं छापून आलेलं नाव आता मी पेनाने लिहून देणार.