सोमवारची तारीख

गुरुवार, एकादशी. दिवेलागण.

यांना दवाखान्यातून घरी आणलं. हर्नियाचं ऑपरेशन नीट झालं, पण मला माझीच किळस येऊन राहिली आहे.

सगळं विम्यात बसतं, असं सोमवारी भरती करताना सांगितलं होतं. आज सुट्टी देताना बिलाचा माणूस खाटेपाशी येऊन म्हणतो, "काकू, ऑपरेशनचे डॉक्टर नांदेडहून बोलावले होते. ते विमा कंपनीच्या यादीत न्हाईत. त्यांचे अठरा हजार वेगळे." वर एक कागद पुढे केला. ही फी आम्हाला आधीच सांगितली होती आणि मान्य आहे, असं त्यावर छापलेलं. तारीख सोमवारची!

"सोमवारी कोणी सांगितलं मला?"

"न्हाई सांगितलं. पण आधी सांगायचा नियम हाय ना, म्हणून कागद बराबर करून राहिलो."

नियम पाळायची ही तऱ्हा! मी सोमवार खोडून गुरुवार लिहिला. त्याने कागद फाडला, हसत दुसरा काढला. "काकू, मास्तरीण होत्या का तुमी?"

हे पडल्या पडल्या म्हणाले, "टाक सही करून. मला घरी ने."

केली. घरखर्चाच्या वहीतसुद्धा मी कधी मागची तारीख टाकली न्हाई, आणि आज एकादशीला सोमवारच्या तारखेखाली सही केली.

मी पिशवी भरत होते. तो माणूस तसाच आणखी एक कागद घेऊन शेजारच्या खाटेकडे वळला. तिथली बाई अंगठा द्यायला बिचकली, तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "त्या काकू शिकलेल्या हायेत. त्यांनी केली, विचारा."

तिनं विचारलं, "व्हय का, बाई?"

मी व्हय म्हणाले.